समुद्राकाठचं खळं

किनाऱ्यावरच्या त्या महानगरात मी एका सकाळी तीन जिनिंग फॅक्टऱ्या उभ्या केल्या. म्हणजे संगणकावर. उपग्रहाच्या फोटोत खाडीच्या कडेला पांढरे ढीग दिसले, एका ओळीत, शेजारी ट्रक उभे. ज्याचं बालपण धामणगाव रेल्वे या कापसाच्या गावात गेलं त्याला पांढरा ढीग आणि ट्रक शेजारीशेजारी दिसल्यावर दुसरं काय आठवणार? मी बिनधास्त कोड टाकला, ‘उद्योग : जिनिंग-प्रेसिंग’. वर मनात म्हटलं, बघा, समुद्राकाठीही कापसावाचून भागत नाही.

दुपारी पाठीमागून सायकलचा एक आरा माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि स्क्रीनवरच्या ढिगाला टेकला.

“हे काय व्हय?”

“कापूस, काकाजी.”

“भरतीचं पानी कुठवर येते तिथं?”

मी निळी रेघ दाखवली. रेघ ढिगांच्या पायाशीच होती.

“म्हंजे तिकडचे लोकं कापूस भिजवून इकतात काय?”

सगळा हॉल खुर्च्या फिरवून पाहू लागला. त्या हॉलमध्ये माझ्या खालोखाल वयानं मोठी असलेली मुलगी सव्वीस वर्षांची होती. मी सत्तेचाळीस.

“मीठ हाये ते, लेका. मिठागर. रोज तुह्या वरनात पडते, ते.”

काकाजींशी माझी ओळख झाली ती अशी.

समुद्राचं आणि आमचं हे नातं कसं जुळलं ते सांगायला पाहिजे. महानगराच्या आसपासच्या सगळ्या किनारपट्टीचा पुढच्या कित्येक वर्षांचा आर्थिक विकास आराखडा तयार व्हायचा होता. कुठे कारखाने, कुठे गोदामं, कुठे नवी बंदरं, कुठे उंच इमारती. ते काम एका मोठ्या सल्लागार कंपनीला मिळालं. त्या कंपनीनं जमिनीचे नकाशे काढायचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं, तिनं तिसऱ्या, आणि असं घरंगळत घरंगळत ते अमरावतीत, साड्यांच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबलं. बाहेर वऱ्हाडातला मे महिना, खिडकीत कुलर, आणि आत वलगावच्या, बडनेऱ्याच्या मुली शांतपणे खाड्या रंगवतायत. त्या हॉलमध्ये समुद्र पाहिलेला मी एकटाच होतो. तोही लग्नानंतर एकदा, ओहोटीच्या वेळी. तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, “अजून पाणी सोडलेलं दिसत नाही.”

माझं नकाशांच्या ब्लूप्रिंट काढायचं दुकान होतं, ते संगणकांनी बंद पाडलं. मग मी संगणकांकडेच नोकरी धरली. काकाजी मात्र सन्मानानं आले होते. नगररचना खात्यातून निवृत्त झालेले आरेखक, वय सत्तरीच्या पुढे, राहणार अकोला, जुने शहर. आमचे मालक तिशीतले इंजिनियर, पुण्यात शिकून आलेले. त्यांना करारातल्या अटीप्रमाणे एक ‘अनुभवी तपासनीस’ हवा होता. काकाजींची सही झाल्याशिवाय एकही शीट पुढे जात नसे.

ते रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरत आणि ऑटोनं येत. आल्यावर सगळ्यांना जय भीम, मग पिशवीतून तीन वस्तू बाहेर : डबा, भिंग आणि तो आरा. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. “उंदीर आमच्या घरी मायच्या काळापासून हायेत, अजून हापिसात कायले?” भिंग ते सरळ स्क्रीनला लावत. त्यातून फक्त लाल-हिरवे ठिपके दिसतात हे मुलींनी त्यांना हजारदा सांगितलं. “काकाजी, झूम करून देते ना!” “तुहं झूम मोठं करते माय, दाखवत नाई,” असं म्हणून ते पुन्हा ठिपके बघत बसत. आणि त्या ठिपक्यांतून त्यांना चूक सापडे. कशी, ते मला आजही कळलेलं नाही.

नगररचनेच्या भाषेत त्यांनी सगळं जग बसवून टाकलं होतं. ते स्वतः ‘विद्यमान’. मालक ‘प्रस्तावित’. मी ‘मिश्र वापर’. जेवायची अर्ध्या तासाची सुट्टी हे ‘ना विकास क्षेत्र’. त्या वेळात कोणी कामाचं बोललं तर ते डबा उचलून जिन्यात जाऊन बसत. एकदा बायको माझा विसरलेला चष्मा द्यायला वर आली. तिनं हॉलवर एक नजर टाकली, माझ्या टेबलावरचा चहाचा डाग पुसला, पंखा कमी करायला लावला आणि गेली. काकाजी तिच्या पाठीकडे बघत आदरानं म्हणाले, “पूर्न विकसित.”

एका गोष्टीचा मात्र त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवत नसत. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकाही शीटवर लाल शेरा पडला नव्हता. हे वाक्य दिवसातून एकदा तरी येई. कोणी चुकलं की येईच, कोणी चुकलं नाही तर चार वाजेपर्यंत वाट बघून येई. निरोपसमारंभात साहेबांनी म्हणे भाषणात तेवढंच सांगितलं होतं, कारण दुसरं काही त्यांना आठवलं नाही. “बाकी मानसं घर कमावतात, जमीन कमावतात. मी काय कमावलं? सदतीस वर्सं कोरी.” आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. ते ऐकू गेलं तर ते नक्कल सुधारून द्यायचे.

आराखड्यातल्या शब्दांशी त्यांचं जमत नसे. वरून आलेल्या कागदांत ‘वाढ’ हा शब्द ओळीआड असायचा. काकाजी तो आऱ्यानं टोचायचे. “वाढ, वाढ, वाढ. कोनाची? नाव तं सांगा. पोरगं वाढलं तं आपन त्याचं नाव घेतो ना?” मालक हसून म्हणायचे, “काका, प्रदेशाची वाढ.” “प्रदेश जेवते काय?” मग मालक फोन आल्यासारखं करून बाहेर जायचे.

ते शीट आलं जुलैत. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक लहान गाव आणि गावाला लागून मोकळं मैदान. काम माझ्याकडे होतं. घर नाही, झाड नाही, शेत नाही. वरून आलेला नियम स्पष्ट होता : बांधकाम नाही, पीक नाही, तर ‘रिकामी, विकासयोग्य’. अशा जागा आराखड्यात गुलाबी होत आणि गुलाबी जागेवर पुढे गोदामं किंवा इमारती येत. मी गुलाबी केली. मिठागराच्या अनुभवानं शहाणा झालो होतो, म्हणून पांढरं काही नाही ना, हेही दोनदा पाहिलं.

आरा खांद्यावरून आला.

“हे रिकामं काहून?”

“काहीच नाही ना तिथं, काकाजी.”

“ह्या रेघा कायच्या?”

मी वाकून पाहिलं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराकडून केसाएवढी बारीक रेघ निघून त्या मैदानात येत होती. पायवाटा. इतक्या अरुंद वाटा काढायच्या नाहीत असा नियम असल्यामुळे मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

“रिकाम्या जागी सारं गाव कायले जाते रे रोज?”

“पोरं खेळत असतील.”

“पोरं हरेक घरून अशी नाकासमोर चालतात काय? ही बायांची वाट हाये. डोक्यावर वझं असलं का मानूस वाकडं चालत नाई.” मग आरा किनाऱ्यावर सरकला. “अन् होड्या पाय. समद्या वर ओढेल. फोटो पावसाच्या तोंडचा हाये. आपल्या गावचं खळं आषाढात पाह्यलं तं कसं दिसते? रिकामंच दिसते ना?”

त्यांनी सही केली नाही.

मालक आले. “काका, प्लीज. सोमवारी डिलिव्हरी आहे. एका शीटसाठी पूर्ण बॅच अडकते.”

“सोमवारी देतो. सोमवार अजून यायचा हाये.”

काकाजींनी गावाचं नाव चिठ्ठीवर उतरवून घेतलं, दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, “हे नाव मी वाचेल हाये कुठं तरी. तू रईवारी अकोल्याले ये.”

रविवारी मी बायकोला सांगितलं, समुद्राच्या चौकशीला अकोल्याला जातोय. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

काकाजी मला मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात घेऊन गेले. बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी वास सुरू झाला आणि दुकान येईपर्यंत वाढत गेला. सुकट, बोंबील, सोडे. वऱ्हाडात भाकरीबरोबर जी सुकी मासळी आपण खातो ती काही मोर्णेत निपजत नाही, हा विचार माझ्या डोक्यात सत्तेचाळीस वर्षांत आला नव्हता. दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीचे, काकाजींचे शाळेपासूनचे दोस्त. काकाजी सरळ आत शिरले आणि पोती उलटीपालटी करू लागले.

“ओ काकाजी, माल पाह्यता का तलाशी घेता?”

काकाजींनी एका पोत्याला शिवलेली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. त्याच गावाचं नाव.

“हां, तिथलाच हाये,” चाचा म्हणाले. “अब्बाच्या जमान्यापासून. का, माल में कुछ खराबी निघाली?”

“मालात नाई. नकाशात.”

सगळं ऐकून चाचांनी कपाळाला हात मारला आणि लगेच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे एक बाई होत्या. त्या गावातून चाचांना माल धाडणाऱ्या. मागे वारा आणि कोंबड्या.

“ताई, तुमच्या गावाच्या बाजूचं मैदान खाली पडलं हाये का? सरकारी नकाशात खाली दाखवून राह्यले.”

“कोन बोलतो खाली?” बाईंचा आवाज एकदम चढला. “आता पावसाळ्यातली मासेमारीची बंदी हाय म्हनून दिसतंय तसं. थंडीत या. पाय ठेवायला जागा भेटायची नाय. अख्ख्या गावचं म्हावरं तिथं सुकतं. बांबूचे मांडव उभे करतो आम्ही, त्यावर बोंबील. ती जागा गेली तर ओलं म्हावरं डोक्यावर घेऊन मी नाचू काय? कोन हाय तो नकाशावाला? द्या त्याला फोन!”

चाचांनी फोन माझ्यापुढे केला. नकाशावाला मी होतो. मी घसा साफ केला, फोनकडे पाहिलं आणि तो काकाजींकडे सरकवला.

“माय,” काकाजी म्हणाले, “तुह्या मैदानावर सही माही लागते. मी अजून केली नाई.”

परत येताना ते पुलावर थांबले. आऱ्यानंच नदीच्या काठाकडे दाखवलं. “आमची वस्ती तिकडं होती. नोकरीले लागलो तवा पहिल्याच दिवशी शहराचा जुना नकाशा काढून पाह्यला. आमच्या जागी लिहेल होतं, पडीक. घरी जाऊन मायले सांगतलं, माय, आपन नाई आहो. माय म्हने, मंग ह्या भाकरी कोनाले वाढू?” आणि स्वतःच एवढे हसले की सायकलवाले वळून बघायला लागले. मी हसावं की नाही ते न कळून गाडीची वेळ विचारली.

सोमवारी काकाजींनी मालकांना सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताबडतोब वर ईमेल पाठवला : सदर जागा मासळी वाळवण्यासाठी वापरात आहे, काय कोड द्यावा? दुपारी एका ओळीचं उत्तर आलं : यादीतला कोड द्यावा. यादीत मासळी वाळवण्याचा कोड नव्हता. किनारपट्टीच्या आराखड्याची यादी होती ती, पण करणाऱ्यानं बहुधा आमच्यासारखाच समुद्र पाहिला होता.

“‘इतर’ टाका,” मालक म्हणाले.

“‘इतर’चं पुढं काय होते?”

मालकांनी पुन्हा फोन आल्यासारखं केलं. पुढच्या टप्प्यात ‘इतर’ आपोआप ‘रिकामी’त मिसळतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

काकाजी यादी घेऊन जिन्यात जाऊन बसले. ना विकास क्षेत्र नसताना ते जिन्यात बसले, हे पहिल्यांदाच घडत होतं. तासाभरानं आले आणि आरा यादीच्या तळाशी ठेवला. ‘शेती : खळवाडी’. ज्वारी-तुरीच्या खळ्याचा कोड. रंग हिरवा, आपोआप कशात मिसळत नाही.

“काकाजी, ही तर चूक आहे,” मी म्हणालो.

“चूकच हाये.”

“सगळे हसतील. समुद्राकाठी ज्वारीचं खळं?”

“हसू दे. बरोबर पाह्याले कोनी येत नाई, लेका. चूक दाखव्याले सारे येतात.”

सदतीस वर्षं कोरी, हे वाक्य त्या दिवशी चार वाजून गेले तरी आलं नाही. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.

“टाक,” ते म्हणाले.

मी टाकलं. नोंद माझ्या लॉगिनवर, सही त्यांची. मालकांनी शीटकडे न बघता बॅच पाठवून दिली. सोमवार संपत आला होता.

थंडीत आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला आणि काकाजींचा अंदाज खरा ठरला. सगळा किनारा गुलाबी आणि त्यात खाडीच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका : खळवाडी. तिकडच्या एका पेपरनं व्यंगचित्र काढलं, कोळीणबाई समुद्रात तूर उपणतेय. नकाशे करणाऱ्यांच्या अकलेवर लोकांनी फोनवर हवे तेवढे विनोद केले. त्यातले दोन मलाही आले, आणि एक मी न वाचता पुढेही पाठवला. शेवटी एवढी शोभा झाल्यावर वरच्या साहेबांना जागेवर जाऊन पाहणं भाग पडलं. गेले. भर हंगाम. चाचांच्या फोनवर त्या बाईंनी सगळं साग्रसंगीत सांगितलं : तीन गाड्या आल्या, साहेब उतरले, आणि बुटांसकट मैदानाच्या कडेलाच उभे राहिले, कारण आत पाय ठेवायला खरंच जागा नव्हती. बाईंनी त्यांना मांडवाखालून वाकून चालवलं. एका साहेबांच्या टोपीत बोंबील अडकला.

यादीत नवा कोड आला, ‘मासळी वाळवण्याची जागा’. हिरवा ठिपका गेला, त्या जागी निळ्या आडव्या रेघा आल्या. गुलाबी झाली नाही. शिवाय अशा जागा आणखी कुठे सुटल्यात का हे बघायला सगळी किनारपट्टी पुन्हा तपासायची ठरली, आणि ते काम आम्हालाच मिळालं.

पण चूक झाली म्हटल्यावर चुकणारा लागतो. वरून पत्र आलं : जबाबदार व्यक्तीचं नाव व खुलासा कळवावा. मालकांनी हॉलच्या मध्यभागी उभं राहून ते वाचलं. “नोंद कोणाच्या लॉगिनवर आहे?” त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. मुलींना माहीत होतं. प्रिंटरलाही माहीत असावं, कारण तो नेमका तेव्हा थांबला.

मी उठलो. खरंच उठलो. सांगणार होतो की नोंद माझी, ती का केली, त्यामागे काय होतं, सगळं. दोन पावलं टाकली, तेवढ्यात सगळे माझ्याकडे बघतायत असं दिसलं. मी तसाच पुढे जाऊन माठातलं पाणी प्यालो.

पाणी पिऊन वळलो तोवर काकाजींचा कागद मालकांच्या हातात होता. खुलासा त्यांनी आधीच लिहून आणला होता. ‘वयोमानामुळे माझी दृष्टी अधू झाली असून सदर शीट तपासताना चूक झाली. ऑपरेटरचा यात दोष नाही. मला कामातून मुक्त करावे.’ बिनरेघी कागद, मुंगीएवढी अक्षरं आणि ओळी अशा सरळ, जणू पट्टी ठेवून ओढल्या आहेत. दृष्टी अधू असलेल्या माणसाचं इतकं सुबक अक्षर मी पाहिलं नाही. मालकांनी ते पत्र वाचलं आणि अक्षर पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी लाल पेनानं त्यावर ‘मान्य’ असा शेरा मारला.

काकाजींनी त्या लाल शब्दाला भिंग लावलं. “पह्यलाच हाये,” म्हणाले, “अक्षर तं नीट काढायचं.” डबा, भिंग, आरा पिशवीत गेला. मुलींपैकी दोघी रडल्या. मला म्हणाले, “मिश्र वापर, येतो. जय भीम.” मी जिन्यापर्यंत गेलो. काहीतरी बोलायचं होतं. ऑटो मिळेल का, असं विचारलं.

घरी आलो तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पाणी प्यायला गेल्याचं आधी गाळलं होतं, पण ती मधेच “मंग तुमी काय केलं?” असं विचारत राहिली, तेव्हा तेही सांगावं लागलं.

“जनमभर चुकाच करत आले तुमी,” ती म्हणाली. “त्यातली एक चांगली झाली होती. तेबी दुसऱ्याच्या नावावर जाऊ देली.”